वेस्टर्न कुठून सुरू करावा: काही चित्रपट, काही कादंबऱ्या आणि त्यांच्या जोड्या

प्रश्न असा आहे: ‘शोले’ पाठ आहे, सर्जिओ लिओनेचे क्लिंट ईस्टवूडला घेऊन केलेले तिन्ही चित्रपट पाहून झालेत, आता पुढे काय? आवडते वेस्टर्न चित्रपट आणि कादंबऱ्या सांगा. आणि एकाच कथेचं पुस्तकही असेल आणि चित्रपटही, तर आधी काय घ्यावं?

मी बरीच वर्षं चित्रपट रसास्वादाचे वर्ग घेते आणि वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या काउबॉय-पिस्तुलबाजांच्या काळातल्या कथा, हा त्यातला माझा सर्वांत जिव्हाळ्याचा विषय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण माझी सगळी यादी त्यावरच उभी आहे. वेस्टर्न जोडीने घ्यावा. पुस्तक वाचून चार दिवसांच्या आत चित्रपट पाहावा, किंवा उलट. पुस्तकात कुणीतरी बोलत असतं आणि त्याच्या बोलण्यातून आपल्याला तो प्रदेश दिसतो. चित्रपटात प्रदेश आधी दिसतो आणि माणूस त्यात ठिपक्याएवढा असतो. एकाने जे झाकलं ते दुसऱ्याजवळ उघडं पडतं, आणि ही गोष्ट नेमकं कोण सांगतंय, कुणाच्या सोयीने सांगतंय, हा प्रश्न आपोआप मनात येतो. चांगला वेस्टर्न मला तिथेच सापडतो.

थोडा इतिहास हवाच, नाहीतर ही भांडणं नुसती पिस्तुलांची वाटतात. टेक्सासमधून हजारो गुरांचे कळप उत्तरेकडच्या रेल्वे स्टेशनांपर्यंत हाकत न्यायचे, हा काउबॉयचा काळ जेमतेम वीस वर्षांचा. यादवी युद्ध १८६५ साली संपल्यावर तो सुरू झाला आणि १८८०च्या दशकाच्या मध्याला आटोपला. १८६२च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर सरकारी जमीन मिळायची, पाच वर्षं तिथे राहून ती कसली की नावावर व्हायची. १८७४ साली काटेरी तारेचं पेटंट निघालं आणि कुंपण स्वस्त झालं. १८८६-८७च्या हिवाळ्यात बर्फाने लाखो गुरं मारली. म्हणजे मोकळ्या गवतावर गुरं चारणारा आणि कुंपण घालून शेती करणारा यांचा झगडा हा वेस्टर्नचा पाया. त्या दोघांच्या आधीपासून तिथे राहणारे कोमँची, लकोटा, ब्लॅकफीट हे लोक या झगड्यात पक्षकार म्हणून मोजलेच गेले नाहीत. माझ्या वर्गात शेतकरी घरातून आलेल्या मुलांना हे लगेच कळतं. बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेली भांडणं त्यांनी पाहिलेली असतात.

सुरुवात ‘ट्रू ग्रिट’ने करा. इथे पुस्तक आधी, याबाबत मी ठाम आहे. चार्ल्स पोर्टिसची ही कादंबरी १९६८ची. आर्कान्सामधली चौदा वर्षांची मॅटी रॉस, वडिलांचा खून करून पळालेल्या टॉम चेनीला फासावर चढवायला घराबाहेर पडते आणि रूस्टर कॉगबर्न नावाचा एकाक्ष, दारूडा उपमार्शल पैसे मोजून कामाला लावते. पण हे सगळं सांगतेय कोण? म्हातारी झालेली मॅटी, सुमारे अर्ध्या शतकानंतर. तिने लग्न केलेलं नाही, ती बँक चालवते, बायबलचे दाखले देते आणि कुठल्या वस्तूला किती पैसे पडले हे कधी विसरत नाही. घोड्यांचा व्यापारी स्टोनहिलशी ती जी घासाघीस करते, तो प्रसंग वाचताना मी प्रत्येक वेळी हसते. मॅटीला मात्र आपण काही गमतीचं बोलतोय याची कल्पनाच नसते. तिच्या दृष्टीने हा हिशेबाचा मामला आहे. वडिलांचा मृत्यूसुद्धा ती हिशेबासारखाच सांगते, आणि त्या कोरडेपणामागचं दुःख हळूहळू आपल्यापर्यंत पोचतं.

यावर दोन चित्रपट आहेत. १९६९च्या चित्रपटात रूस्टर झालेल्या जॉन वेनला ऑस्कर मिळालं आणि तो चित्रपट रूस्टरचा झाला. २०१० साली कोएन बंधूंनी तो मॅटीला परत दिला. त्यात मॅटी झालेली हेली स्टाइनफेल्ड त्या वेळी खरोखरच त्या वयाची होती. शेवट मुद्दाम शेजारी ठेवून पाहा. (इथून पुढे तुलनेसाठी मी काही शेवट सांगणार आहे. ज्यांना नको असेल त्यांनी नावं टिपून तेवढे परिच्छेद सोडावेत.) पुस्तकात साप चावून मॅटीचा हात कापावा लागतो, आणि अनेक वर्षांनी ती रूस्टरला भेटायला जाते तेव्हा तो नुकताच वारलेला असतो, म्हातारपणी तो गावोगाव फिरणाऱ्या वाइल्ड वेस्ट खेळात काम करत होता. १९६९च्या चित्रपटाने हात शाबूत ठेवला आणि रूस्टरला घोड्यावरून ऐटीत निरोप दिला. कोएन बंधूंनी पुस्तकाचा शेवट ठेवला. ज्या माणसाने हे सगळं जगलं त्याला शेवटी त्याचाच तमाशा करून पोट भरावं लागलं, ही गोष्ट पहिल्या चित्रपटात नाही. माझ्या मते कादंबरीचा अर्धा जीव त्यातच आहे.

दुसरी जोडी ‘शेन’. जॅक शेफरची छोटीशी कादंबरी १९४९ची, जॉर्ज स्टीव्हन्सचा चित्रपट १९५३चा. वायोमिंगच्या खोऱ्यात एक अनोळखी घोडेस्वार येतो, एका शेतकरी कुटुंबात राहतो आणि गुरांच्या मोठ्या मालकाविरुद्ध उभा राहतो. दोन्हींतला माझा आवडता प्रसंग एकच: अंगणातला झाडाचा जुनाट बुंधा दोघे पुरुष मिळून उखडतात. कादंबरीत त्याला भरपूर जागा दिली आहे. एक शब्दही न बोलता दोघांची मैत्री होते, आणि घरातली बाई ते पाहत असते. चित्रपटात आणखी एका ठिकाणी लक्ष द्या. चिखलाच्या रस्त्यावर मालकाचा भाडोत्री पिस्तुलबाज झालेला जॅक पॅलन्स एका गरीब शेतकऱ्याला गोळी घालतो तेव्हा बंदुकीचा आवाज कानठळ्या बसवणारा आहे आणि मरणारा माणूस मागे फेकला जातो. स्टीव्हन्सने त्याला तारेने मागे ओढलं होतं. दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या चित्रीकरण पथकाबरोबर स्टीव्हन्स डाखाउच्या छळछावणीपर्यंत गेला होता. परत आल्यावर पडद्यावरचं मरण हलकं वाटू द्यायचं नाही, हे त्याच्या कामात दिसतं. तोपर्यंतच्या वेस्टर्नमध्ये माणसं पोतं पडावं तशी पडायची.

‘द ऑक्स-बो इन्सिडेंट’ ही जोडी कमी लोकांना माहीत आहे, आणि ती वर्गात दाखवली की चर्चा थांबत नाही. वॉल्टर व्हॅन टिलबर्ग क्लार्कची कादंबरी १९४०ची, विल्यम वेलमनचा चित्रपट १९४३चा, लांबी सव्वा तासाच्या आसपास. नेवाडातल्या गावात बातमी येते की एका पशुपालकाचा खून झाला. जमाव निघतो, वाटेत सापडलेल्या तिघांना फाशी देतो. नंतर कळतं की तो पशुपालक जिवंत आहे. फाशी जाण्यापूर्वी एकाने बायकोला पत्र लिहिलेलं असतं. चित्रपटात हेन्री फोंडा ते मोठ्याने वाचतो आणि शेजारच्या माणसाच्या टोपीच्या कडेने त्याचे डोळे झाकले जातील असा कॅमेरा लावलाय. रचना अप्रतिम आहे. पण कादंबरीत ते पत्र आपल्याला वाचायला मिळतच नाही. तिथे आपलं सांत्वन करायला कुणी येत नाही. मला कादंबरी जास्त खरी वाटते, आणि टोपीची ती कड मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही.

आता ज्या चित्रपटासाठी मी हे उत्तर लिहायला घेतलं तो: जॉन फोर्डचा ‘द सर्चर्स’, १९५६. आधार अ‍ॅलन ल मे याची १९५४ची कादंबरी. टेक्सासमध्ये कोमँची एका वस्तीवर हल्ला करतात, कुटुंब मारतात, धाकट्या डेबीला नेतात. तिचा काका ईथन वर्षानुवर्षं तिला शोधतो. अर्ध्या वाटेत आपल्याला समजतं की तो तिला सोडवायला निघालेला नाही. कोमँचींमध्ये वाढलेली पुतणी त्याला जिवंत नको आहे. जॉन वेन म्हणजे पडद्यावरचा नायक, ही सवय लागलेल्या प्रेक्षकाला फोर्डने या माणसासोबत दोन तास प्रवास करायला लावलं.

सुरुवातीला एक प्रसंग आहे. ईथन निघण्याच्या तयारीत आहे. पाद्री आणि रेंजर्सचा (टेक्सासच्या सशस्त्र पोलीस दलाचा) कप्तान अशा दुहेरी भूमिकेतला वॉर्ड बाँड उभ्याने कॉफी पितोय. त्याच्या मागे, आतल्या खोलीत, ईथनची वहिनी मार्था त्याचा कोट हातात घेते आणि त्यावरून हलकेच हात फिरवते. वॉर्ड बाँडला सगळं कळतंय, पण तो समोर बघत कॉफी पीत राहतो. एक अक्षरही कुणी बोलत नाही. या दोघांचं काय होतं, ईथन इतकी वर्षं का परतला नव्हता, मार्थाच्या मृत्यूनंतर त्याचा संताप कुठल्या थराला जाईल, हे सगळं त्या कोटावरच्या हातात आहे. घाईत पाहिलं तर निसटतं. मी वर्गात हा तुकडा आधी काहीही न सांगता दाखवते आणि मग कुणाला काय दिसलं ते विचारते.

कादंबरीत या माणसाचं नाव एमस आहे आणि शेवटी तो मारला जातो; डेबीपर्यंत पोचतो तो त्याच्यासोबतचा तरुण मार्टिन. फोर्डने त्याला जगवलं. त्याच्याकरवी डेबीला उचलून घरी आणवलं, आणि मग ईथनला दाराबाहेरच ठेवलं. दुसरा मोठा बदल मार्टिनचा. पुस्तकात तो गोरा आहे, चित्रपटात त्याच्यात थोडं चेरोकी रक्त आहे. त्यामुळे ईथनचा द्वेष दूरच्या शत्रूपुरता राहत नाही, रोज शेजारी जेवणाऱ्या मुलावरही उतरतो. चित्रपटाचे दोषही सांगायला हवेत. कोमँची सरदार स्कारची भूमिका जर्मनीत जन्मलेल्या हेन्री ब्रँडनने केली आहे, बाकीचे ‘कोमँची’ बहुतेक नावाहो लोक आहेत आणि टेक्सास म्हणून दिसणारे ते लाल सुळके अ‍ॅरिझोना-युटाच्या सीमेवरच्या मॉन्युमेंट व्हॅलीतले, नावाहोंच्या भूमीतले.

या कथेमागे सिंथिया अ‍ॅन पार्करची हकीकत आहे, असं साधारण मानलं जातं. १८३६ साली टेक्सासमध्ये नऊ-दहा वर्षांची असताना तिला कोमँचींनी पळवलं. ती त्यांच्यात वाढली, लग्न झालं, मुलं झाली. १८६० साली रेंजर्सनी तिला ‘सोडवून’ गोऱ्या नातेवाइकांकडे आणलं. ती तिथे कधीच रुळली नाही, परत जाण्याची धडपड करत राहिली. तिचा मुलगा क्वाना पार्कर पुढे कोमँचींचा मोठा नेता झाला. म्हणजे खऱ्या आयुष्यात जी शोकांतिका डेबी घरी आल्यानंतर सुरू व्हायला हवी, तिथे फोर्डचं दार बंद होतं.

त्या बंद दारापलीकडचं वाचायचं असेल तर ते मराठीत वाचता येतं. कॉनरॅड रिक्टरची ‘द लाइट इन द फॉरेस्ट’ ही छोटी कादंबरी १९५३ची, म्हणजे ल मेच्या कादंबरीच्या आदल्या वर्षीची. जी. ए. कुलकर्णी यांनी तिचा ‘रानातील प्रकाश’ हा अनुवाद केला. काळ शंभर वर्षं आधीचा, १७६४चा, प्रदेश पेनसिल्व्हेनिया-ओहायोचा. चार वर्षांचा असताना पळवला गेलेला आणि लेनापी लोकांत वाढलेला मुलगा पंधराव्या वर्षी तहानुसार जबरदस्तीने गोऱ्या आईबापांकडे परत पाठवला जातो. त्याला बूट बोचतात, छप्पर गुदमरवतं, आणि शेवटी दोन्ही बाजू त्याला परक्या होतात. रिक्टरच्या ओहायो-त्रयीचे ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’ हे अनुवादही जीएंनी केले. त्यात पिस्तुलं नाहीत, जंगल तोडून वस्ती उभी राहण्याचं कित्येक वर्षांचं काम आहे. वेस्टर्नच्या यादीत ही पुस्तकं सहसा कुणी घालत नाही. मी घालते, आणि अगदी वरती घालते. इंग्रजी कादंबऱ्या जड जात असतील तर सुरुवात इथूनही करता येईल.

फोर्डचाच ‘द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स’ (१९६२) डोरोथी एम. जॉन्सनच्या कथेवर आहे. कथा एका बैठकीत संपते. जॉन्सनबाई मोंटानाच्या, वाक्यं अत्यंत काटकसरीची. फोर्डने मॉन्युमेंट व्हॅली सोडून दिली, रंगही सोडले आणि बहुतेक चित्रपट स्टुडिओत उरकला. काही जण याला थकलेल्या दिग्दर्शकाचं काम म्हणतात. मला ते पटत नाही. एक वकील ज्या गोळीच्या कीर्तीवर सिनेटर झाला ती गोळी त्याने झाडलीच नव्हती, आणि ज्याने झाडली तो लाकडी पेटीत पडलाय. ही कबुली बंद खोलीतच शोभते. सत्य ऐकल्यावर संपादक ते छापायचं नाकारतो. पुतणीला उचलणाऱ्या ईथनपेक्षाही या संपादकाने मला वेस्टर्नबद्दल जास्त शिकवलं.

‘हाय नून’ (१९५२) आणि ‘रिओ ब्राव्हो’ (१९५९) एकापाठोपाठ पाहा. पहिल्यात मार्शल गावाकडे मदत मागतो आणि कुणी येत नाही. पटकथाकार कार्ल फोरमन त्या वेळी कम्युनिस्टविरोधी चौकशीला तोंड देत होता. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सला हा मार्शल पसंत नव्हता, म्हणून त्याने दुसरा चित्रपट उत्तरादाखल केला. मी हॉक्सच्या बाजूची आहे, ते मुख्यतः त्यातल्या डीन मार्टिनच्या दारूड्या डेप्युटीमुळे.

आता चित्रपटाची गरजच नसलेल्या कादंबऱ्या. लॅरी मॅकमर्ट्रीची ‘लोनसम डव्ह’ (१९८५, पुढच्या वर्षी पुलित्झर) जाडजूड आहे, तरी पहिली शंभर पानं संथ लागली म्हणून ठेवून देऊ नका. टेक्सासच्या दक्षिण टोकापासून मोंटानापर्यंत गुरं न्यायची, एवढीच गोष्ट. तिचा जन्म पटकथा म्हणून झाला होता. चित्रपट झाला नाही आणि मॅकमर्ट्रीने बऱ्याच वर्षांनी तिची कादंबरी केली. नदी ओलांडताना एका कोवळ्या आयरिश पोराला पाण्यातल्या सापांचा वेढा पडतो ते पान वाचल्यावर या प्रवासाबद्दलचा रम्य भाव गळून पडतो. मित्राचं शव टेक्सासला परत आणण्याचा भाग चार्ल्स गुडनाइट आणि ऑलिव्हर लव्हिंग या खऱ्या पशुपालकांच्या हकीकतीवरून घेतलाय. १९८९ची टीव्ही मालिका चांगली आहे, रॉबर्ट डुव्हॉलसाठी अवश्य पाहा, पण नंतर.

जॉन विल्यम्सची ‘बुचर्स क्रॉसिंग’ (१९६०) मला याहून जास्त अस्वस्थ करते. हार्वर्ड सोडून आलेला एक तरुण निसर्ग अनुभवायला कॅन्ससला येतो आणि बायसनच्या शिकारीला पैसे पुरवतो. कोलोरॅडोच्या एका लपलेल्या खोऱ्यात मिलर नावाचा शिकारी आधी कळपाच्या म्होरक्याला टिपतो, म्हणजे बाकीचे गोंधळून जागीच घुटमळतात. मग दिवसभर एकेक. बंदुकीची नळी तापते, ती गार करायची, पुन्हा सुरू. विल्यम्स यातलं काहीही रंगवत नाही, फक्त काम कसं होतं ते क्रमाने सांगतो. एके काळी कोट्यवधी असलेले बायसन १८८०च्या दशकाअखेर हजाराच्या आसपास आले होते. ते कसं घडलं याचं यापेक्षा स्पष्ट उत्तर मी वाचलेलं नाही. माणसं परततात तेव्हा कातड्याचा भाव कोसळलेला असतो. कॉरमॅक मॅकार्थीची ‘ब्लड मेरिडियन’ (१९८५) मोठी कादंबरी आहे यात शंका नाही, पण ती पाचव्या-सहाव्या क्रमांकावर घ्या. हिंसा अखंड आहे आणि इंग्रजीही कठीण.

मूळ पुस्तक नसलेल्या चित्रपटांत दोनच नावांवर थांबते. लिओने आवडतोच, तेव्हा त्याचा १९६८चा ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ पाहा. रेल्वे स्टेशनवर तिघे वाट पाहतायत, पवनचक्की करकरतेय, टोपीवर पाण्याचे थेंब पडतायत. सुरुवातीच्या या लांबलचक भागात संगीत जवळजवळ नाहीच. पुढे शेतावर जेवणाची तयारी चाललेल्या कुटुंबाची कत्तल होते आणि बहुतेक सज्जन भूमिकाच केलेला हेन्री फोंडा एका लहान मुलावर पिस्तूल रोखतो. हे पाहताना ‘शोले’तल्या ठाकूरच्या कुटुंबाची हत्या आठवल्याशिवाय राहणार नाही. ‘शोले’ची मुळं अशी अनेक ठिकाणी गेलेली आहेत: कुरोसावाचा १९५४चा ‘सेव्हन सामुराई’, त्यावरून अमेरिकेत १९६० साली झालेला ‘द मॅग्निफिसेंट सेव्हन’, आणि लिओने. रामनगरच्या खडकांत आणि पनवेलजवळच्या रेल्वेमार्गावर रमेश सिप्पींनी त्याला स्वतःचं रूप दिलं.

दुसरं नाव ईस्टवूडच्या ‘अनफरगिव्हन’चं (१९९२). डेव्हिड वेब पीपल्सची पटकथा ईस्टवूडने आपलं वय त्या भूमिकेला येईपर्यंत जपून ठेवली. एक माणूस खडकाआड गोळी लागून पडलाय, पाणी मागतोय, मरायला वेळ लागतोय. आणि मारणारेच ओरडून त्याच्या साथीदारांना सांगतात, त्याला पाणी द्या. सोबत बोशँप नावाचा एक लेखक फिरतोय, पिस्तुलबाजांच्या फुशारक्या टिपून त्यांची पुस्तकं करणारा. तो कुणाच्या मागे मागे जातो, आणि मालक कसे बदलतो, तेवढंच पाहण्यासाठी हा चित्रपट दुसऱ्यांदा पाहावा.

एक पुस्तक या सगळ्यांच्या विरुद्ध बाजूने लिहिलेलं आहे: ब्लॅकफीट लेखक जेम्स वेल्च यांची ‘फूल्स क्रो’ (१९८६). मोंटानातले पिकुनी (ब्लॅकफीटांचीच एक शाखा) लोक, त्यांची शिकार, लग्नं, स्वप्नं, मग देवीची साथ, मग २३ जानेवारी १८७० रोजी मरायस नदीकाठी अमेरिकन घोडदळाने झोपेतल्या छावणीवर केलेला गोळीबार. मेलेल्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे होते. इथे गोरे लोक क्षितिजावरून येणारे परके आहेत, आणि आपण तंबूच्या आतून त्यांच्याकडे पाहत असतो. पहिली तीस-चाळीस पानं नावं लक्षात ठेवताना दमछाक होईल; नेटाने पुढे जा.

क्रम विचाराल तर असा ठेवा: ‘ट्रू ग्रिट’ पुस्तक आणि कोएन बंधूंचा चित्रपट, मग ‘शेन’ची जोडी, मग ‘द सर्चर्स’ पाहून लगेच ‘रानातील प्रकाश’. त्यानंतर ‘लिबर्टी व्हॅलन्स’ आणि ‘अनफरगिव्हन’ एकाच आठवड्यात. ‘फूल्स क्रो’ ‘लोनसम डव्ह’च्या आधी वाचा, नंतर नको, ती वाचून झाल्यावर मोंटानाकडे निघालेले ते गुराखी कुणाच्या घरात शिरतायत हे प्रत्येक पानावर दिसत राहतं. फोर्ड आणि लिओने शक्य तेवढ्या मोठ्या पडद्यावर पाहा. मोबाइलवर पाहिलात तर मार्थाचा कोटावरचा हात दिसणारच नाही.